गाव उठलं की उठवलं?

मराठीत ‘गाव उठलं’ असं म्हणतात आणि ‘गाव उठवलं’ असंही म्हणतात. पहिल्यात गाव आपणहून गेल्यासारखं वाटतं. दुसऱ्यात मागे कुणीतरी उभं असतं. सक्तीचं स्थलांतर हा विषय या एका ‘व’भोवती फिरतो. सरकारी कागदात मात्र पुष्कळदा दोघांनाही ‘स्थलांतरित’ हाच शब्द लावतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पुण्यात नोकरी लागली म्हणून लातूर सोडणारा तरुण स्थलांतरच करतो. पण त्याला नको म्हणता आलं असतं. निघायचा दिवस त्यानं ठरवला. नाहीच जमलं तर परत जायला गावात घर आहे. नकार, दिवस आणि परतीची वाट या तिन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हातात गेल्या की ते स्थलांतर सक्तीचं. तिन्ही एकदम जातातच असं नाही. दंगलीत घर सोडून पळालेल्याला कधीतरी परतायची आशा असते. धरणात जमीन गेलेल्याला कधी कधी दहा वर्षं आधीही नोटीस मिळते, पण परतीची वाट कायमची बुडते. त्यामुळे ‘ऐच्छिक’ आणि ‘सक्तीचं’ अशी दोन डब्यांची विभागणी करण्यापेक्षा कोणती गोष्ट कुणी काढून घेतली, हे विचारावं.

निर्वासित कोण, विस्थापित कोण

आंतरराष्ट्रीय कायद्यात ‘निर्वासित’ या शब्दाला फार नेमका आणि बराच अरुंद अर्थ आहे. १९५१ चा निर्वासितांविषयीचा करार आणि १९६७ ची त्याची पुरवणी यांनुसार, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणावरून छळ होईल अशी साधार भीती असलेला आणि त्यापायी देशाची हद्द ओलांडून आलेला माणूस म्हणजे निर्वासित. अशा माणसाला जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे परत ढकलायचं नाही, हा कराराचा गाभा. दुष्काळ, पूर, धरण यांचा या व्याख्येत उल्लेख नाही.

या व्याख्येत चपखल बसणारं जुनं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १५६० च्या सुमारास गोव्यात पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या सासष्टीतून अनेक कुटुंबं जुवारी नदी ओलांडून आदिलशाहीच्या हद्दीत, फोंड्याच्या बाजूला गेली. कारण धर्म, आणि मधे राज्याची हद्द. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आज ज्या देवळांना आपण सुट्टीत जाऊन येतो, ती त्यांची मूळ गावं नव्हेत.

भारतानं १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. आसरा मात्र दिला आहे, प्रत्येक वेळी वेगळ्या नियमानं. १९४३ पासून पाच वर्षं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले, त्यांत बायका आणि मुलं जास्त. गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडाजवळ तिबेटी लोकांची नोर्ग्येलिंग ही वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेले लोक कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरले. १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं, पण पत्ता सांगताना लोक अजून ‘कॅम्प नंबर चार’च म्हणतात.

देशाची हद्द न ओलांडता घर सुटलं, तर त्याला देशांतर्गत विस्थापित म्हणतात. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. संघर्ष आणि आपत्तीसोबत त्यांत मोठे विकास प्रकल्पही धरलेले आहेत: निकडीचं सार्वजनिक हित नसेल तर प्रकल्पासाठी लोकांना हलवू नये, असं सहावं तत्त्व सांगतं. पण ही तत्त्वं आहेत, कायदा नव्हे. आफ्रिकी देशांनी २००९ च्या कंपाला करारानं त्यांना बंधनकारक रूप दिलं. आपल्याकडे तसं काही नाही. १९९० मध्ये काश्मीर खोरं सोडावं लागलेल्या पंडितांना सरकारी भाषेत ‘मायग्रंट’ म्हणजे स्थलांतरित म्हटलं गेलं, आणि विस्थापित म्हणा ही त्यांची मागणी तेव्हापासूनची आहे. बाहेरच्याला हा शब्दांचा किस वाटेल. पण स्थलांतरिताला मदत मिळते, विस्थापिताला परत जाण्याचा हक्क मागता येतो.

२०२४ च्या अखेरीस जगभरात १२.३२ कोटी माणसं सक्तीनं विस्थापित होती, असं संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था सांगते. त्यांतली ७.३५ कोटी आपल्याच देशात. म्हणजे बहुतेकांनी समुद्र तर सोडाच, सीमासुद्धा ओलांडलेली नाही. आणि हा आकडा छळ, संघर्ष आणि हिंसेपुरता आहे. धरण, खाण, महामार्ग यांच्यापायी उठलेला माणूस त्यात नाही. भारतात अशा माणसांची देशव्यापी सरकारी मोजदादच झालेली नाही. वॉल्टर फर्नांडिस यांच्यासारख्या अभ्यासकांचा अंदाज स्वातंत्र्यानंतरच्या पाच दशकांसाठी सुमारे ६ कोटींचा आहे, आणि त्यांत आदिवासी सुमारे ४० टक्के. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत आदिवासी होते ८.६ टक्के.

धरणाखाली गाव कसं जातं

बंदुकीच्या धाकानं घर सुटलं तर सक्ती उघड दिसते. धरणाची सक्ती कागदातून येते, म्हणून ती उलगडून पाहावी लागते. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं उदाहरण घेऊ, कारण त्याची नोंद तपशिलात उपलब्ध आहे.

या धरणाची कोनशिला एप्रिल १९६१ मध्ये नेहरूंच्या हस्ते बसली. पाण्याच्या वाटपावरून राज्यांचं भांडण झालं, १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि त्यानं डिसेंबर १९७९ मध्ये निवाडा दिला. तीन राज्यांतली २४५ गावं बुडीत क्षेत्रात: मध्य प्रदेशातली १९३, महाराष्ट्रातली ३३, गुजरातमधली १९. महाराष्ट्रातली सगळी गावं अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. तेव्हा तो धुळे जिल्हा होता, १९९८ पासून नंदुरबार. बदल्यात महाराष्ट्राच्या वाट्याला आली २७ टक्के वीज आणि २८ दशलक्ष एकर-फुटांपैकी पाव दशलक्ष एकर-फूट पाणी.

निवाड्यातल्या पुनर्वसनाच्या अटी त्या काळाच्या मानानं उदार होत्या. ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून जास्त जमीन जाते, त्याला किमान २ हेक्टर ओलिताखाली येणारी जमीन. प्रत्येक सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब. घरासाठी जागा. आणि भरपाई देऊन पुनर्वसनाची सोय केल्याशिवाय महाराष्ट्र किंवा मध्य प्रदेशातली कोणतीही जमीन बुडवायची नाही.

मग बिघडलं कुठे? आधी मोजणीत. जमीन कुणाची हे सातबारा सांगतो. पण नर्मदाकाठच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली पुष्कळ जमीन सरकारदप्तरी जंगलाची होती. कसणारा ‘अतिक्रमणदार’ ठरला, आणि अतिक्रमणदाराची २५ टक्के जमीन गेली की १०० टक्के, हा प्रश्नच उठत नाही. वनहक्क कायदा आला २००६ साली, तोवर धरण १२१.९२ मीटरपर्यंत चढलं होतं. सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब; सज्ञान मुलीबद्दल निवाड्यात तसं कलम नाही. धरणाच्या कामासाठी उभारलेल्या केवडियाच्या वसाहतीत जमीन गेलेली सहा गावं, कालव्यात जमीन गेलेले शेतकरी, धरणाखालच्या पात्रात हिल्सा मासा धरणारे मच्छीमार यांचंही नुकसान झालं, पण बुडितात नसल्यामुळे निवाड्याच्या व्याख्येतले ते प्रकल्पग्रस्त नव्हेत. काही पाड्यांचं तर घर वर राहिलं आणि वाट बुडाली. चहूबाजूंनी पाणी, मधे टापू. सर्वेक्षणात घर बुडत नाही, म्हणून नाव नाही.

दुसरा बिघाड वेळेचा. धरणाची भिंत आणि पुनर्वसन बरोबरीनं वाढायला हवं होतं. भिंत पुढे गेली. १९९३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या मणिबेली गावाची घरं पाण्यात जाऊ लागली. त्याआधी वर्षभर, जागतिक बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं पुनर्वसन नीट होऊ शकत नाही असा अहवाल दिला होता आणि मार्च १९९३ मध्ये बँकेचं उरलेलं कर्ज थांबलं. नर्मदा बचाव आंदोलनाच्या याचिकेवर १९९५ मध्ये भिंतीचं काम ८०.३ मीटरवर थांबवलं गेलं. ऑक्टोबर २००० च्या निकालानं ते पुन्हा सुरू झालं: आधी ९० मीटर, पुढे टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्प्याला पुनर्वसन झाल्याचा दाखला घेऊन. २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि उंची १३८.६८ मीटर झाली. प्रत्येक टप्प्यावर कळीचा कागद एकच, ‘पुनर्वसन पूर्ण झाले’. तो लिहिणारं सरकार आणि ज्याला धरण हवं ते सरकार एकच असलं, की कागद लवकर तयार होतो.

तिसरा बिघाड जमिनीचाच. द्यायला जमीन आणायची कुठून? महाराष्ट्रानं तळोदा भागातलं ४,२०० हेक्टर जंगल यासाठी मोकळं केलं. रेवानगर, नर्मदानगर, सोमावल अशा वसाहती उभ्या राहिल्या. पण त्या जंगलजमिनीवरही आधीपासून आदिवासीच शेती करत होते. एका गरिबाचं पुनर्वसन दुसऱ्या गरिबाच्या वहिवाटीवर, हा प्रकार पुनर्वसनाच्या इतिहासात नवा नाही. काही मणिबेलीकर गुजरातमध्ये परवेट्याला गेले, काही गेलेच नाहीत आणि पाण्याच्या वर सरकून राहिले.

पैसे मिळाले तरी माणूस गरीब का होतो

‘भरपाई घेतली ना, मग कशाला ओरडता?’ हा प्रश्न शहरात हमखास ऐकू येतो. मायकल चेर्निया या समाजशास्त्रज्ञानं जगभरची विस्थापनं तपासून आठ धोके मांडले: जमीन जाणं, काम जाणं, घर जाणं, पत खालावणं, अन्न अपुरं पडणं, आजारपण वाढणं, सामाईक साधनं तुटणं आणि माणसांचं जाळं विस्कटणं. भरपाई पहिल्या आणि तिसऱ्याची मिळते. उरलेल्या सहांसाठी पंचनाम्यात रकानाच नसतो.

नदीकाठच्या पाड्यात मासे, मोहाची फुलं, सरपण, गुरांचा चारा, कुडाला बांबू हे सारं फुकट. वसाहतीत यातली प्रत्येक गोष्ट विकत. उत्पन्न तेवढंच राहिलं तरी खर्च वाढतो. जाळं विस्कटणं हेही तसंच. एका पाड्यातली घरं तीन वसाहतींत वाटली गेली की पेरणीला एकमेकांच्या शेतावर जाण्याची रीत मोडते, आणि त्या जागी रोजंदारी येते.

जमिनीचा दर कसा ठरतो तेही पाहा. जुन्या १८९४ च्या कायद्यात कलम चारच्या, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणाऱ्या नोटिशीच्या तारखेला भाव गोठायचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आसपासच्या आधीच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या दरांची सरासरी किंवा रेडीरेकनरचा (मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी) दर, जो जास्त असेल तो धरतात. ग्रामीण भागात त्याला १ ते २ च्या दरम्यानच्या गुणकानं गुणतात आणि तेवढीच रक्कम दिलासा म्हणून वर देतात. दर ५ लाख, गुणक २, म्हणजे १० लाख आणि दिलाशासह २० लाख. ऐकायला बरं वाटतं. पण मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात भाव कमी दाखवायची आपली सवय इथे शेतकऱ्याच्याच अंगावर येते. आदिवासी गावांत अडचण आणखी मोठी: आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहजी विकता येत नाही, ते योग्यच आहे, पण म्हणून खरेदीखतंच मोजकी. बाजार नाही तिथे बाजारभाव काढायचा.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. भूसंपादन अधिकाऱ्याच्या निवाड्याची, म्हणजे ठरलेल्या मोबदल्याची रक्कम उचलताना ‘हक्क राखून, निषेध नोंदवून स्वीकारली’ असं लिहून द्यावं लागतं. तसं न लिहिता पैसे घेतले, तर वाढीव मोबदल्याचा दावा करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर या दाव्याची मुदत सहा आठवडे असते. अनेकांचा दावा या एका ओळीपायी गेला आहे.

महाराष्ट्राचा कायदा आणि त्यातल्या फटी

धरणाविरुद्धचा देशातला एक अगदी सुरुवातीचा संघटित लढा आपल्याकडचा: १९२१ चा मुळशी सत्याग्रह, सेनापती बापटांच्या पुढारपणाखालचा. तो हरला. कोयनेच्या वेळी, १९५० च्या दशकात, पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. कोयना खोऱ्यातली माणसं रायगड, रत्नागिरी, ठाणे, सोलापूर, सांगली अशी विखुरली, आणि त्यांच्या नातवंडांचे मोर्चे या शतकातही निघत आले आहेत. ‘आधी पुनर्वसन, मगच धरण’ या बाबा आढाव यांच्या चळवळीच्या घोषणेला १९७६ मध्ये कायद्याचं रूप आलं. महाराष्ट्र याबाबत पहिला. पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये नवे कायदे झाले.

या कायद्याची मूळ कल्पना चांगली आहे. धरणाचं पाणी ज्यांना मिळणार त्या लाभक्षेत्रातल्या मोठ्या शेतकऱ्यांची ठरावीक मर्यादेवरची जमीन घ्यायची आणि बुडालेल्यांना द्यायची. याला ‘स्लॅब’ म्हणतात. काही प्रकल्पांत तो आठ एकरांचा, काहींत चार. नव्या गावठाणात रस्ते, शाळा, पिण्याचं पाणी, स्मशान अशा नागरी सुविधा द्यायच्या.

फटी अशा. पर्यायी जमीन हवी तर मोबदल्याच्या ६५ टक्के रक्कम ठरलेल्या मुदतीत सरकारकडे भरायची. मोबदला हातात पडेपर्यंत देणेकरी दारात असतात. रक्कम खर्च होते, भरणा होत नाही आणि जमिनीचा हक्क जातो. लाभक्षेत्रातले जमीनदार स्लॅब लागण्याआधी वाटण्या करून खाती लहान करतात. ज्यांना ते जमत नाही त्यांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा वर्षानुवर्षं बसून राहतो: जमीन घेतलीही जात नाही, विकताही येत नाही. विस्थापिताला मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे परवानगीशिवाय विकायची नाही. आणि नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठीचा प्रकल्पग्रस्त दाखला कुटुंबात एकाच्याच नावे. चार भावांत तो कुणी घ्यायचा यावरून बोलणं बंद झालेली घरं धरणग्रस्त वसाहतींत पुष्कळ.

भूकंप आणि दरड

आपत्तीचं विस्थापन याहून थोडक्यात सांगता येतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी बसवली. लोकांना मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची धास्ती बसली होती, जुन्या जागी कुणालाच राहायचं नव्हतं. नवी गावं मात्र चौकटीच्या वहीसारखी आखली गेली: रुंद रस्ते, सुटी घरं, जुन्या गावाच्या कित्येक पट पसारा. शेत लांब, भावकी पांगलेली, पाण्याची नळयोजना चालवायचा खर्च ग्रामपंचायतीला न पेलणारा. माळीण (२०१४), तळीये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) इथल्या दरडींनंतरही प्रश्न तोच राहिला: सुरक्षित सपाट जागा आणि शेत-जंगल जवळ, असं दोन्ही एकत्र सापडत नाही.

उचल घेऊन निघालेला माणूस

वाद खरा इथे आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. कुणी हाकललं नाही, नोटीस नाही. मग हे सक्तीचं कसं?

उत्तर ‘उचल’ या शब्दात आहे. मुकादम, म्हणजे तोडणीची टोळी जमवणारा ठेकेदार, पावसाळ्यातच आगाऊ रक्कम देतो. ती फेडायची टनावर ऊस तोडून. मजुरीचा हिशेब कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला अर्धा कोयता. त्यामुळे लग्नं लवकर उरकली जातात, कारण अर्ध्या कोयत्याला उचल कमी. कामाचा दिवस चुकला की ‘खाडा’, त्याचे पैसे कापले जातात, म्हणून बाई पाळीत किंवा गरोदरपणातही फडात उभी राहते. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण पाहून २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. बाकी पुढच्या वर्षावर. पहिल्या वर्षी माणूस कोरडवाहू शेतीला कंटाळून गेला असेल. दुसऱ्या वर्षी तो बाकी फेडायला जातो. पहिल्या वर्षाला मी निरुपाय म्हणेन, दुसऱ्याला सक्ती. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदाही आगाऊ रकमेच्या बदल्यात बांधून घेतलेल्या कामाला वेठबिगारीच म्हणतो.

अशा स्थलांतराला गावातच अडवता येतं, हे १९७२ च्या दुष्काळात दिसलं होतं. तेव्हाच्या कामांतून रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला: मागेल त्याला पंधरा दिवसांत काम. जिथे काम वेळेवर निघतं आणि मजुरी वेळेवर मिळते, तिथे मुकादमाला उचल वाढवावी लागते. मजुरी दोन-तीन महिने लांबली, की माणूस पुन्हा ट्रकमध्ये.

व्याघ्र प्रकल्पांतून गावं बाहेर काढताना ‘ऐच्छिक पुनर्वसन’ असा शब्द वापरतात. मेळघाटात हे बरंच झालं आहे. कुटुंबामागे १० लाख होते, २०२१ पासून १५ लाख. ग्रामसभेची संमती लागते. मात्र संमतीआधीच्या काही वर्षांत रस्ता दुरुस्त झाला नाही, चराई बंद झाली आणि शाळेत शिक्षक टिकला नाही, तर त्या संमतीला ऐच्छिक म्हणायचं का, हे त्या गावात जाऊन तपासावं लागेल.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की इंदापूरकडच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, आणि लोक गाड्या काढून बघायला जातात. त्या वेळी उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर जे पीक घेतात त्याला गाळपेर म्हणतात. जमीन जलसंपदा खात्याची. ती हंगामापुरती भाड्यानं देतात, आणि ज्यांची जमीन त्या पाण्यात गेली त्यांना प्राधान्य असतं. त्यासाठी दरवर्षी अर्ज करावा लागतो, सोबत धरणग्रस्त असल्याचा दाखला जोडून.